पाचवे कारण : इस्रो, मराठवाडा आणि दैवाचा प्रश्न

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यासाठी पाच कारणे लागतात असे सांगितले आहे : अधिष्ठान, म्हणजे कर्म ज्याच्या आधाराने घडते ते शरीर किंवा स्थान, कर्ता, करण, म्हणजे साधने, चेष्टा, म्हणजे निरनिराळे व्यापार, आणि पाचवे व शेवटचे दैव. या पाचव्या कारणाचा अर्थ लावताना भाष्यकारांच्या वाटा वेगळ्या होतात. शंकराचार्य त्याचा अर्थ डोळा, कान इत्यादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा करतात, रामानुजाचार्यांना तेथे अंतर्यामी परमात्मा दिसतो, आणि लोकमान्य टिळक १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात सृष्टीचे जे व्यापार माणसाला ठाऊक असोत वा नसोत अखंड चालूच असतात, आणि ज्यांची अनुकूलता नसेल तर त्याचा प्रयत्न फळास येत नाही, त्यांच्याकडे बोट दाखवतात. अर्थ कोणताही घेतला तरी एक गोष्ट बदलत नाही, ती म्हणजे दैव हे कारणांच्या यादीत आहे, पण शेवटी आहे. आधीच्या चार कारणांचा हिशेब पुरा होण्यापूर्वी पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार माणसाला आहे काय, हा प्रश्न त्या क्रमातून आपोआप उभा राहतो. आणि ज्या लातूर व नांदेड जिल्ह्यांनी गेल्या काही दशकांत भूकंप, अवर्षण आणि महापूर हे तिन्ही पाहिले, आणि ज्यांची छायाचित्रे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, उपग्रह ठरावीक दिवसांनी टिपत असतात, त्या जिल्ह्यांत तो नुसता पोथीतला प्रश्न राहत नाही.

दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, यांत थोर कोण हा वाद भारतीय विचारात फार जुना आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर हेच विचारतो आणि भीष्म वसिष्ठ व ब्रह्मदेव यांच्या संवादाचा आधार देऊन सांगतात की पुरुषकार हे शेत आहे आणि दैव हे बी; बी असूनही शेत नसेल तर ते वाया जाते. कोरडवाहू शेतकऱ्याला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. योगवासिष्ठ याहून पुढे जाते आणि दैव नावाची निराळी शक्तीच नाकारते. पूर्वी केलेला प्रयत्नच आज दैवाचे रूप घेऊन समोर येतो, असे त्याचे म्हणणे आहे. ग्रंथ असे प्रयत्नवादी असले तरी व्यवहारात मात्र उलटी रीत दिसते. गावच्या बोलण्यात जे ‘नशिबाचे भोग’ असते तेच सरकारी कागदावर ‘नैसर्गिक आपत्ती’ होते, आणि पहिला शब्द भाविक व दुसरा शास्त्रीय वाटत असला तरी दोघांकडून काम बहुधा एकच करून घेतले जाते : पुढची चौकशी थांबवण्याचे.

इस्रोची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ रोजी झाली, आणि तिच्यामागचा हेतू विक्रम साराभाई यांनी आधीच स्पष्ट करून ठेवला होता : चंद्रावर किंवा ग्रहांवर जाण्याच्या शर्यतीत धनाढ्य राष्ट्रांशी बरोबरी करण्याचे स्वप्न भारताने पाहू नये, पण माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्याखुऱ्या अडचणींवर प्रगत तंत्रविद्या लावण्यात त्याने कोणाच्याही मागे राहू नये. साराभाईंचे सहकारी असलेले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी १९७५-७६ मध्ये चालवलेला साइट हा प्रयोग, म्हणजे उपग्रहाद्वारे खेडोपाडी शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे दूरदर्शन कार्यक्रम पोहोचवण्याचा उपक्रम, याच हेतूचा पहिला मोठा आविष्कार होता. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे त्यासाठी निवडली गेली; त्यांत मराठवाड्याला लागून असलेल्या गुलबर्गा जिल्ह्यातली गावे होती, महाराष्ट्रातले एकही नव्हते. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा नियमित वापरासाठीचा पहिला दूरसंवेदन उपग्रह, म्हणजे जमिनीला स्पर्श न करता तिच्यावरून परतणाऱ्या प्रकाशावरून तिची स्थिती ओळखणारा उपग्रह, कक्षेत गेला, आणि तेव्हापासून मराठवाड्याच्या शिवाराची नोंद हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात साठू लागली. १९४८ पर्यंत निजामाच्या आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या दप्तरात ज्या मुलखाची जमाबंदी राहिली, त्याच्या पिकापाण्यावरची नजर पुन्हा हैदराबादेतच असावी, हा इतिहासाचा योगायोग मोठा मासलेवाईक आहे.

या संस्थेच्या नेतृत्वाचा विचार करताना तिने किती उपग्रह सोडले यापेक्षा तिने अपयश कसे हाताळले हे पाहणे अधिक बोधक ठरते, कारण ‘कर्ता’ या दुसऱ्या कारणाचा खरा अर्थ तेथे उलगडतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या पहिल्या भारतीय उपग्रहवाहकाचे उड्डाण फसले आणि तो बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाची सूत्रे ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याकडे होती, परंतु पत्रकारांसमोर अपयशाची जबाबदारी संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन यांनी स्वतःवर घेतली; आणि वर्षभराने, १८ जुलै १९८० रोजी, त्याच वाहकाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला तेव्हा त्यांनी बोलायला कलामांना पुढे केले. ही हकिकत भाषणांतून इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिची धार बोथट झाली आहे. तिच्यातला तात्त्विक भाग मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. निष्काम कर्माचा लौकिक अर्थ ‘फळाची आशा न धरणे’ असा केला जातो. धवनांनी श्रेय सोडले, पण फळाचे उत्तरदायित्व सोडले नाही, उलट वाईट फळ तेवढे स्वतःच्या पदरात घेतले. फलत्याग म्हणजे परिणामांविषयीची बेपर्वाई नव्हे, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारे उदाहरण अलीकडच्या सार्वजनिक जीवनात सहज सापडत नाही.

व्यक्तीच्या या शीलाला संस्थेने एका रीतीची जोड दिली. उड्डाण फसले की अपयश-विश्लेषण समिती नेमायची, दर क्षणाला जमिनीवर आलेल्या आकड्यांवरून घटनाक्रम पुन्हा रचायचा, आणि कारण सापडेपर्यंत पुढचे उड्डाण करायचे नाही. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्ही या वाहकाचे पहिले उड्डाण आयआरएस-१ई या दूरसंवेदन उपग्रहासह अयशस्वी झाले. दुसरा टप्पा तिसऱ्यापासून विलग होत असताना यानाचा तोल गेला, आणि शोधाअंती त्याच्या मुळाशी नियंत्रण-प्रणालीच्या संगणकीय आज्ञावलीतला एक दोष आढळला, ज्यामुळे एका आकड्याने त्याची ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली होती. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत तो दिसला नव्हता. उड्डाणाच्या दिवशी ज्याला कोणीही दैव म्हणाले असते ते काही महिन्यांत आज्ञावलीतली चूक म्हणून ओळखले गेले, आणि १५ ऑक्टोबर १९९४ रोजी तेच वाहन यशस्वी झाले. टिळकांच्या अर्थाने पाहिले तर पाचव्या कारणाचा एक तुकडा तेथे तिसऱ्या कारणात, म्हणजे साधनांच्या रकान्यात, येऊन पडला.

त्या फसलेल्या उड्डाणानंतर दहाच दिवसांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि भोवतालची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसे घराघरात झोपली होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की संकेत शोधणाऱ्या मनाला त्यांत काहीतरी गूढ दिसू लागते, म्हणून हे आधीच स्पष्ट केले पाहिजे की त्यांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही. तो उपग्रह कक्षेत गेला असता तरी त्याने भूकंपाची पूर्वसूचना दिली नसती, आणि आजही जगातला कोणताही उपग्रह ती देत नाही. जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासा यांनी मिळून सोडलेला निसार हा रडारवाही उपग्रह जमिनीची अत्यल्प हालचाल मोजू शकतो. पण मोजणे म्हणजे भाकीत नव्हे. तेव्हा किल्लारीत दैवाला जागा होती. प्रश्न ती किती होती हा आहे.

भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.३ च्या आसपास होती. एवढ्याच तीव्रतेचे धक्के जगात दरवर्षी अनेक ठिकाणी बसतात आणि त्यांतल्या बहुतेकांत मनुष्यहानी याच्या शतांशही होत नाही. किल्लारीत माणसांचे प्राण घेतले ते भिंतींनी आणि माळवदांनी. काळ्या दगडाच्या, दोन-दोन फूट रुंदीच्या, चुन्याऐवजी मातीत रचलेल्या भिंती. आतल्या आणि बाहेरच्या दगडी थरांना एकत्र सांधणारे आडवे दगड नाहीत, मध्ये नुसती भर. वर लाकडी खांब-तुळयांवर पसरलेला आणि पावसाचे पाणी मुरू नये म्हणून वर्षानुवर्षे चढवत नेलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर हादऱ्यात आतल्या आत कोसळते, आणि झोपलेल्यावर कित्येक टन माती येऊन पडते. दक्षिणेचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक आहे अशी समजूत होती, राष्ट्रीय नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात रंगवलेला होता, आणि १९९२ साली याच परिसरात लहान धक्क्यांची मालिका येऊन गेली असूनही घरांच्या बांधणीविषयी कोणी काही केले नाही. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि २००२ साली सुधारलेल्या मानकात किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. म्हणजे नकाशा आधी चुकला होता. नकाशाची चूक हे दैव नव्हे. ती ज्ञानाची मर्यादा होती, आणि १९९२ नंतर ती काही अंशी निष्काळजीपणाही होती.

ईश्वराचा न्याय आणि भूकंप यांचा मेळ कसा घालावा हा प्रश्न युरोपात १ नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपाने उभा केला होता. सर्वसंतांच्या सणाच्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेली माणसे गाडली गेली, आणि व्हॉल्टेअरने त्यावर लिहिताना ‘जे आहे ते भल्यासाठीच’ या मताची खिल्ली उडवली. त्याला उत्तर देताना रुसोने १७५६ मध्ये वेगळाच मुद्दा काढला : सहा-सहा, सात-सात मजली हजारो घरे एकाला एक खेटून निसर्गाने बांधली नव्हती. भारतात १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर महात्मा गांधींनी ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे म्हटले आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. भौतिक घटनेला भौतिक कारणेच असतात, आणि नैतिक तत्त्वांना भूकंपाशी बांधणे म्हणजे विवेकहीनतेला बळ देणे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या वादात ठाकुरांची बाजू तर्कशुद्ध आहे यात शंका नाही. तरीही गांधींच्या म्हणण्यातला एक धागा टाकाऊ नाही : संकटात माणसाने आपले काय चुकले हे विचारावे. त्यांची चूक उत्तरात होती, प्रश्नात नव्हती. अस्पृश्यतेने जमीन हलत नाही. पण कोणाचे घर कशाचे आहे, कोणापर्यंत मदत आधी पोहोचते, आणि पुनर्वसनात कोणाची वस्ती गावाच्या कोणत्या टोकाला जाते, हे समाजाच्या रचनेवर अवलंबून असते, आणि ती रचना माणसांनी केलेली असते.

भूकंप क्षणात येतो आणि त्याच्या बाबतीत दैवाचा दावा निदान समजण्यासारखा आहे. अवर्षण महिनोन्‌महिने सर्वांच्या डोळ्यांदेखत येते, म्हणून तेथे या प्रश्नाची खरी कसोटी लागते. महाराष्ट्रात दुष्काळ ठरवण्याची जुनी रीत पैसेवारीची : निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापायचे, आलेल्या उत्पन्नाची प्रमाण उत्पन्नाशी तुलना करायची आणि ते रुपयात किती पैसे भरते ते काढायचे, ५० पैशांच्या आत आले की टंचाई. या पद्धतीत तलाठ्यापासून तहसिलापर्यंत अनेक हात असत आणि त्या हातांवर दाबही असत, हे मराठवाड्यात कोणालाही नव्याने सांगण्याची गरज नाही. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने १९८० च्या दशकाच्या अखेरीस उपग्रहावरून शेतीच्या दुष्काळाचे मूल्यमापन करणारी राष्ट्रीय प्रणाली सुरू केली, ती २०१२ मध्ये कृषी मंत्रालयाच्या महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्राकडे सोपवण्यात आली, आणि केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पावसाच्या तुटीबरोबर उपग्रहावरून काढलेल्या वनस्पती-निर्देशांकालाही दुष्काळाच्या निकषांत बसवले. या नव्या निकषांनुसार महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

वनस्पती-निर्देशांक ही कल्पना सोपी आहे. निरोगी हिरवे पान सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त भाग मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोन परावर्तनांतला फरक त्यांच्या बेरजेने भागला की जो आकडा येतो तो हिरवेपणाचे माप होय. पीक सुकू लागले की आकडा खाली येतो. प्रारंभी हे काम ज्या उपग्रहांच्या चित्रांवर चाले त्यांचा एक ठिपका जमिनीवर सुमारे १.१ किलोमीटर लांबीरुंदीचा, म्हणजे जवळपास १२१ हेक्टरांचा होता, आणि एखाद्या लहान गावाचे शिवार चार-पाच ठिपक्यांत संपत असे. पुढे इस्रोच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरच्या एका कॅमेऱ्याने तोच ठिपका ५६ मीटरांवर आणला, म्हणजे साधारण ३१ गुंठ्यांवर. तरीही एक अडचण उरतेच. त्या ३१ गुंठ्यांत सोयाबीन असते, बांधावरची बाभूळ असते आणि पडीक कोपऱ्यातले गाजरगवतही असते, आणि उपग्रहाला या तिघांचा हिरवेपणा एकाच आकड्यात मिळतो. शिवाय ऐन शेंगा भरण्याच्या दिवसांत पावसाने तीन आठवडे ओढ दिली तर पाने हिरवी राहूनही दाणा भरत नाही. रानात गेलेल्या माणसाला शेंग दाबली की कळते, आकाशातून ते कळत नाही.

न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर उपग्रहाला होते ते पिकाचे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान होय. प्रत्यक्ष म्हणजे इंद्रिय आणि वस्तू यांच्या संनिकर्षातून होणारे ज्ञान. अनुमान म्हणजे एका खुणेवरून, जिला हेतू म्हणतात, न दिसणाऱ्या दुसऱ्या गोष्टीचे, म्हणजे साध्याचे, केलेले ज्ञान, जसे धुरावरून अग्नीचे. हेतू साध्यावाचूनही आढळू लागला तर त्याला अनैकांतिक म्हणतात आणि अशा हेतूवर उभे असलेले अनुमान दुष्ट ठरते. हिरवेपणा हा हेतू आणि उत्पन्न हे साध्य मानले तर पोचट शेंगांचे हिरवे सोयाबीन हे अनैकांतिकाचे नैयायिकांनाही आवडले असते असे उदाहरण आहे. दुष्काळ संहिता घडवणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच तिने निर्देशांकानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणीची पायरी ठेवली. दोष शास्त्राचा नाही. दोष तेव्हा सुरू होतो जेव्हा कचेरीच्या तोंडी ‘उपग्रहात तसे दिसत नाही’ हे वाक्य शेवटचा शब्द होऊन बसते आणि पूर्वी ज्या जागी ‘देवाची मर्जी’ होती त्या जागी उपग्रह येतो. वरून आलेले म्हणून ज्याला हरकत घेता येत नाही असे काहीही, मग ते दैवी असो वा तांत्रिक, प्रजेच्या दृष्टीने दैवच असते. इस्रोच्या कार्याचा याहून मोठा विपर्यास कल्पिणे कठीण आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्या लातूरला निघाल्या. १२ एप्रिलला पहिली गाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली, कारण शहराला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणात काही उरले नव्हते. हे संकट रात्रीतून आलेले नव्हते. पाऊस सलग तुटीचा होता, धरणाचा साठा दर आठवड्याला मोजला जात होता, पिकांचे निर्देशांक दर महिन्याला निघत होते, आणि बेसाल्टच्या भेगांत व कुजलेल्या खडकात भूजल कोठे सापडू शकेल याचे उपग्रहचित्रांवरून केलेले नकाशे पेयजल अभियानासाठी तयार झालेले होते. गावोगावी मात्र हातावर नारळ उभा करून पाण्याची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याला मागणी कायम राहिली. त्याला हसणे सोपे आहे. पण नकाशा तालुक्याच्या कपाटात आणि पाणाडी बांधावर, अशी स्थिती असेल तर शेतकरी कोणाला बोलावणार?

ज्ञान वाढले की दैवाचा प्रदेश आटतो, एवढे म्हणून थांबणारा एक भोळा आशावाद आहे, आणि त्याला उत्तर म्हणून एका मराठी शास्त्रज्ञाचे काम पुरेसे आहे. पुण्यात १९३३ साली जन्मलेले वसंत गोवारीकर यांनी थुंबा येथे घन इंधनाचे भारतीय तंत्र उभे केले, १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते, आणि पुढे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव असताना त्यांनी मोसमी पावसाच्या दीर्घ मुदतीच्या अंदाजासाठी १६ घटकांवर आधारलेले प्रारूप तयार करवले. १९८८ पासून ते वापरात आले आणि बरीच वर्षे टिकले. २००२ साली त्याच्या आधारे सरासरीइतक्या पावसाचा अंदाज दिला गेला आणि देशात प्रत्यक्षात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस पडला. नंतर हवामान खात्याने प्रारूप बदलले. सोळा घटक जाणले तरी सतरावा उरतोच, आणि ज्याला टिळक दैव म्हणतात ते याच न जाणलेल्या घटकाचे नाव आहे. ते शून्यावर येत नाही. म्हणून गीतेने ते यादीतून काढले नाही, हे गीतेच्या व्यवहारबुद्धीचे लक्षण मानले पाहिजे.

येथे इस्रोच्या मंदिरभेटींचा वाद येतो. चांद्रयान-३ च्या उड्डाणाआधी, १३ जुलै २०२३ रोजी, शास्त्रज्ञांचा एक गट यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुमलाला गेला. आदित्य-एल१ च्या वेळी तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ सुल्लूरपेटच्या चेंगलम्मा मंदिरात गेले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१(क) मधल्या वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या कर्तव्याकडे बोट दाखवून विवेकवाद्यांनी यावर टीका केली, आणि दुसऱ्या बाजूने हेच पाहा श्रद्धा व विज्ञान यांचे ऐक्य म्हणून जयजयकार झाला. दोन्ही बाजू मुद्दा चुकवतात. ज्याने चार कारणांची पराकाष्ठा केली आहे, त्याने पाचव्यासमोर हात जोडले तर त्यात विसंगती नाही. अट एवढीच की उड्डाण फसल्यावर विश्लेषणाच्या अहवालात त्या नमस्काराला जागा असता कामा नये, आणि यशाच्या श्रेयातही असता कामा नये. या अटीत इस्रोचे वर्तन आजवर बहुतांशी बसले आहे. खासगी श्रद्धा आणि पदाची औपचारिकता यांची सीमारेषा मात्र अध्यक्षांनी अधिक जपायला हवी, कारण संस्था सर्वांची आहे.

या दोन जिल्ह्यांतल्या धर्मपरंपरांकडे पाहिले तर या प्रश्नाला त्यांनी निराळ्या रीतीने हात घातलेला दिसतो. लातूर-नांदेडमध्ये मोठ्या संख्येने असलेल्या लिंगायत समाजाच्या विचारात कायक, म्हणजे प्रामाणिकपणे केलेले अंगमेहनतीचे काम, हीच पूजा मानली जाते. तेथे काम झाल्यावर पूजेसाठी वेगळा वेळ काढण्याचा प्रश्नच गौण होतो. नांदेडमध्ये १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, आणि तेथल्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमध्ये जो विचार रोज ऐकू येतो त्यात हुकूम, म्हणजे ईश्वरी आज्ञा, सर्वांवर चालते असे मानूनही उद्यम आणि सेवा यांना सुटी नाही. हुकूम मान्य करणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. हे जितके शीख विचारात स्पष्ट आहे तितके दैववादाच्या लोकप्रिय रूपात कोठेच नाही.

जिथे इस्रोवर टीका करायला जागा आहे ती जागा देवळाची नाही, अहवालाची आहे. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ चे उड्डाण तिसऱ्या टप्प्यात दाब घटल्याने फसले आणि ईओएस-०९ हा ढगांआडूनही जमीन पाहू शकणारा रडार उपग्रह गमावला गेला. त्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने आणि लेंडी नदीच्या पाण्याने गावे वेढली गेली, माणसे आणि जनावरे दगावली. पुन्हा एकदा, एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध जोडणे अन्यायाचे ठरेल. पूर ओळखण्यासाठी इतर रडार उपग्रह होते, आणि खोऱ्यातली गावे वेळेवर हलवणे हे उपग्रहाचे काम नव्हते. परंतु सी६१ च्या अपयशाचा सविस्तर अहवाल २०२५ संपेपर्यंत लोकांसमोर आला नाही, ही गोष्ट धवनांच्या परंपरेला शोभणारी नाही. जी संस्था आपल्या अपयशाची कारणे जाहीर करते तिलाच इतरांकडून कारणे मागण्याचा नैतिक अधिकार राहतो, आणि मराठवाड्यासारख्या प्रदेशाला त्या अधिकाराची गरज इस्रोपेक्षाही जास्त आहे.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या ग्रामसभांनी एक साधी मागणी लावून धरावी. दुष्काळाचा निर्णय होण्यापूर्वी आपल्या तालुक्याचा वनस्पती-निर्देशांक, पावसाची तूट आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी निवडलेल्या गावांची नावे मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जावीत, ग्रामसभेत ती वाचून दाखवली जावीत, आणि निर्देशांक व रान यांत अंतर दिसल्यास लेखी हरकत घेण्यासाठी पंधरा दिवस मिळावेत. यासाठी नवा उपग्रह लागत नाही. लागणारे आकडे दर हंगामात तयार होतच असतात.